टॅरोबी घराण्याचे अप्पा मोघे

अप्पा मोघ्यांना नवा माणूस भेटला की ते आधी नाव विचारत, मग गाव विचारत आणि मग हळूच म्हणत, "बरं, आणि त्याच्या आधी?" त्याच्या आधी म्हणजे वडिलांचं गाव. ते सांगितलं की पुन्हा, "त्याच्या आधी?" असं करत करत समोरच्याला ते तीन-चार पिढ्या मागे नेत, आणि तिथे तो बिचारा अडखळला की खिशातून पेन्सिल काढत. कॉव्हेंट्रीच्या आमच्या मंडळाच्या गणपतीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात बसून ते पेपर प्लेटच्या पाठीवर एका नव्या जोडप्याची वंशावळ काढत होते. त्यासाठी आपला मसालेभात त्यांनी बायकोच्या प्लेटमध्ये सारला होता. मुलगी लाजून अर्धी झाली होती आणि नवरा सारखा आरतीकडे बघत होता. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, की मला आजोबांच्या पलीकडे काही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हौस कोणाला असते गं," ते म्हणाले, "पण माणूस उगाच लटकत राहतो. रेघ ओढली की जागेवर बसतो."

रेघा ओढणं हा त्यांचा धंदाच होता. मोटारींच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर मोटारींचे भाग काढले, पण मोटार चालवायला काही शिकले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यातले लोक भराभर रिडंडंट झाले, त्यात अप्पांचीही नोकरी गेली. घरी बसलेला नवरा म्हणजे काय असतं ते सुमनकाकूंना पहिल्याच महिन्यात कळलं. सकाळी उठून हा माणूस डाळींच्या बरण्यांना लेबलं लावतो, तीही ठळक आणि बारीक अशा दोन जाडीच्या अक्षरांत. मी लायब्ररीत काम करायचे आणि माझ्याकडे एक म्हातारी मिनी मोटार होती. एका रविवारी काकूंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "मालती, यांना कुठेतरी घेऊन जा. कुठेही."

मी त्यांना शहराबाहेरच्या एका खेड्यातलं जुनं चर्च दाखवायला नेलं. तिथे सर ॲम्ब्रोज टॅरोबी आणि त्यांची बायको दगडाच्या गाद्यांवर हात जोडून झोपलेली आहेत. सतराव्या शतकातल्या अशा थडग्यांवर खालच्या बाजूला मुलाबाळांची रांग कोरलेली असते, सगळी गुडघे टेकून, उंचीप्रमाणे. इथे रांग नव्हती. एकच मुलगा होता, तोही पायथ्याशी, जरा बाजूला. चर्च झाडायला आलेल्या बाईने सांगितलं, की सर ॲम्ब्रोजना मूल नव्हतं, हा त्यांच्या बहिणीचा मुलगा, रॉबर्ट लँटन. मामाने त्याला लहानपणीच आणलं, आपलं आडनाव दिलं, वाडी-जमीन सगळं दिलं. अप्पा त्या दगडाच्या पोराकडे बराच वेळ बघत उभे होते. मला वाटलं, पाय दुखत असतील.

"भाचा काय म्हणतेय ती," ते गाडीत म्हणाले. "ओटीत घेतलाय त्याला. दत्तक आहे हा."

बस, तिथून सुरू झालं. त्या गावाचं एक इतिहास मंडळ होतं. अप्पांनी त्यांना सांगितलं, की टॅरोबी घराण्याची वंशावळ मी काढून देतो. चर्चचं छप्पर गळत होतं, त्यासाठी प्रदर्शन भरवायचं चाललं होतं, त्यांना आयता माणूस मिळाला. पुढची काही वर्षं अप्पा आठवड्यातून दोनदा बस पकडून वॉरिकच्या दफ्तरखान्यात जात आणि चर्चच्या जुन्या नोंदी वाचत. बारशाच्या, लग्नाच्या, दफनाच्या. संध्याकाळी परत आले की माझ्याकडे थांबून रिपोर्ट देत. बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे, हे मला तेव्हा कळलं. नावामागे 'सर' लागतं आणि ते बापाकडून मुलाकडे जातं, एवढंच. ॲम्ब्रोजच्या वडिलांनी ते राजाकडून चक्क विकत घेतलं होतं, कारण राजाला सैन्यासाठी पैसे हवे होते. अप्पांना याची मोठी गंमत वाटायची. टॅरोबींबद्दल ते असे बोलायचे, की जणू काल मिरजेला त्यांच्या ओसरीवर पान खाऊन आलेत. ॲम्ब्रोजची बायको जरा तापट होती. थोरली नणंद सासरी सुखी नव्हती. "कुठे लिहिलंय, अप्पा?" असं मी विचारलं की म्हणत, "लिहायला कशाला पाहिजे? तीन वर्षांत पाच वेळा माहेरी आलीय ती."

एका मेलेल्या इंग्रजाच्या भाच्यात या माणसाचा एवढा जीव का अडकला, ते कळायला उदयची गोष्ट सांगायला हवी.

अप्पा आणि सुमनकाकूंना मूल नव्हतं. अप्पांचा धाकटा भाऊ वसंता मिरजेला असायचा. त्याला तीन मुली आणि शेवटचा उदय. वसंताला अप्पांनीच शिकवलेलं, त्यामुळे थोरल्या भावाला नाही म्हणायची त्याची ताकद नव्हती. अप्पांनी उदयला मागितलं आणि वसंताने दिला. एकुलता एक मुलगा सहसा कोणी दत्तक देत नाही, पण सख्ख्या भावाकडे जायचा असेल तर जुन्या रिवाजात एक सोय आहे. मुलगा दोन्ही घरांचा राहतो. दोन्ही बापांचा मुलगा म्हणवतो आणि दोघांचंही करतो. वसंताने तेवढं एकच मागितलं, आणि दत्तकविधानाच्या वेळी, उदय मांडीवर असताना, अप्पा सगळ्यांदेखत हो म्हणाले.

मग आलं क्रॉयडन. मुलाला इथे ठेवायचं तर तिथल्या इमिग्रेशनच्या कचेरीत कागद द्यावे लागत. साहेबाने साधा प्रश्न विचारला, की मुलाचा जन्मदात्या आईबापांशी आता काही संबंध उरलेला नाही ना? अप्पांनी आपल्या एकुलत्या एक सुटात उभं राहून सांगितलं, नाही, पूर्ण तुटला. आता एवढ्यावर सोडायचं की नाही? कोणी तपासायला थोडंच येणार होतं? पण अप्पांचा स्वभाव ड्रॉइंग बोर्डवरचा. कागदावर जे काढलं तेच जागेवर उभं राहायला हवं. त्यांनी मिरजेला पत्र लिहिलं, की यापुढे पत्राखाली 'तुझा वसंतकाका' असं लिहीत जा. वसंताने मुकाट्याने तसं लिहायला सुरुवात केली. उदय तेव्हा सात वर्षांचा. फोनवर तो मिरजेच्या आईला आई म्हणाला, की अप्पा शेजारी उभे राहून हळू आवाजात दुरुस्त करत, "काकू." असे फोन चालू असताना सुमनकाकू स्वयंपाकघरात निघून जायच्या. मुलाने लवकरच सवय करून घेतली. मुलं घेतातच.

पोरगा गुणी होता. उंच, अबोल, फुटबॉलचं वेड, बोलायला पक्का कॉव्हेंट्रीचा. मराठीत मात्र 'माझा चूक झाला' म्हणायचा, आणि कोणी हसलं की स्वतःच जास्त हसायचा. अप्पांचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. शाळेत पालकांची सभा असली की अप्पा सगळ्यांच्या आधी जाऊन बसत. पण त्याच्याशी बोलताना त्यांना नेहमी एखादा विषय लागे. गणित, हवामान, टॅरोबी. विषयावाचून दोघं समोरासमोर बसलेत असं मी कधी पाहिलं नाही.

वंशावळ पूर्ण झाली आणि चर्चमध्ये लागली. काय देखणी होती म्हणून सांगू. पट्टी न लावता ओढलेल्या रेघा, एकही हललेली नाही. गावातले लोक चहाचे कप घेऊन समोर उभे. पण इतिहास मंडळाच्या सेक्रेटरी मिसेस पेल चष्मा लावून जवळ गेल्या आणि थबकल्या. अप्पांनी ॲम्ब्रोजपासून रॉबर्टपर्यंत जाड, सलग रेघ ओढली होती आणि खाली लिहिलं होतं: सर रॉबर्ट टॅरोबी, तिसरे बॅरोनेट. मिसेस पेल स्वभावाने अगदी गोड बाई. त्यांनी अप्पांना बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं, की इथे तसं नसतं. जमीन देता येते, आडनाव देता येतं, पण 'सर' फक्त रक्ताच्या मुलाला. ॲम्ब्रोज गेले तेव्हा पदवी संपली. रॉबर्टला फार तर तुटक रेघ.

अप्पा परत येताना गाडीत नुसते धुमसत होते. "म्हणे वंश संपला," ते म्हणाले. "मुलगा पंगतीला बसलाय, मामाच्या नावाने बसलाय, आणि म्हणे संपला. आपल्याकडे असं कोणी बोललं असतं का? एकदा मांडीवर घेतला की घेतला. मागचं सगळं पुसलं." मी म्हटलं, अप्पा, त्यांचा कायदा त्यांना ठाऊक. पण कायद्याचं नव्हतंच ते. मिसेस पेलनी रेघ तुटक करा म्हटलं आणि या माणसाला ती उदयच्या पायाखालची वाटली. शेवटी त्यांनी 'तिसरे बॅरोनेट' खोडलं, पण रेघ काही तुटक केली नाही. मिसेस पेलनी ते चालवून घेतलं. चहा देताना त्या मला म्हणाल्या, की मिस्टर मोघेंना या मुलाबद्दल फारच वाटतं, नाही का?

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात मिरजेहून फोन आला, की वसंता गेला. हार्ट ॲटॅक. उदयचे ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, पेपर चालू होते. आपल्या लोकांत परीक्षा म्हटली की घरात मेलेला माणूससुद्धा थांबतो. अप्पांनी ठरवलं, की शेवटचा पेपर होईपर्यंत सांगायचं नाही. सुमनकाकूंनी हात जोडून सांगितलं, की त्याला जाऊ द्या, एक वर्ष गेलं तर गेलं. अप्पांनी ऐकलं नाही. पेपर संपले तोवर मिरजेला तेरावंही होऊन गेलं होतं. मग एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता त्यांनी सांगितलं, की वसंतकाका गेले.

उदयने एवढंच विचारलं, "कधी?" अप्पांनी दिवस सांगितला. आणि तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण पोरगा काही बोलेना, ते त्यांना सोसेना, म्हणून ते म्हणाले, "तसंही शास्त्राने तुला काही करायचं नव्हतं."

हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्या रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना संतापलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

उदय युनिव्हर्सिटीला गेला नाही. ग्रेड चांगले आले होते, तरी गेला नाही. लंडनच्या विमानतळाजवळ हाउन्सलोला एका कार्गो कंपनीत लागला, तिथेच खोली घेतली. पहिल्या पगारांतून तिकीट काढून मिरजेला जाऊन आला. काय केलं, कोणाला काय म्हणाला, ते त्याने सांगितलं नाही. रविवारी फोन करायचा. अप्पांशी हवामानावर बोलायचा आणि मग म्हणायचा, आईला द्या.

त्यानंतरच्या वसंत ऋतूत मिसेस पेलचा मला फोन आला. शेजारच्या परगण्यातल्या एका छोट्या चर्चमध्ये त्यांना रॉबर्टचा दगड सापडला होता. टॅरोबींच्या थडग्यात तो नाही, हे अप्पांनाही माहीत होतं, पण ते म्हणायचे, कुठे परदेशी मेला असेल. आम्ही तिघं गेलो. पाऊस भुरभुरत होता. दगड भिंतीत बसवलेला, अक्षरं झिजलेली. मिसेस पेलनी बोट फिरवत वाचून दाखवलं: रॉबर्ट लँटन, थॉमस लँटनचा मुलगा, आपल्या बापाशेजारी. टॅरोबी हे नाव कुठेच नव्हतं. जन्मभर मामाच्या घरात राहिला, मामाची जमीन खाल्ली, मामाच्या नावाने सह्या केल्या, आणि मरताना सांगून गेला, की मला तिकडे नेऊन ठेवा.

"गेला की परत," अप्पा म्हणाले. मराठीत म्हणाले, मिसेस पेलना काही कळलं नाही. मग चर्चच्या बाकावर बसले आणि मला म्हणाले, "मालती, वसंताला मी हो म्हटलं होतं गं. सगळ्यांदेखत म्हटलं होतं."

मी म्हटलं, अप्पा, उदय आहे ना, त्याला सांगा. ते मान हलवत राहिले. परतताना त्यांनी 'त्याच्या आधी'चा एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. या माणसाने गप्प बसावं असं मला किती वेळा वाटलं होतं, आणि आता बसला तर नको झालं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी टॅरोबी वंशावळ पुन्हा काढली. या वेळी रॉबर्टच्या डोक्यावर दोन रेघा आल्या. एक मामाकडून, एक बापाकडून, दोन्ही सारख्या जाड, दोन्ही सलग. मिसेस पेल म्हणाल्या, की अशी पद्धत कुठेच नाही, माणसाला दोन बाप नसतात. अप्पा म्हणाले, "आमच्याकडे असतात, मॅडम. मीच पाळलं नाही." मिसेस पेलनी तो कागद लावला. पुढे वाद घातला नाही.

दुसरी प्रत गुंडाळून ते माझ्या दारात आले. मला हाउन्सलोला ने म्हणाले. एम फोर्टी हायवेवरून जाताना मी त्यांना दोनदा बजावलं, की आधी बोला, मग कागद काढा. हो हो म्हणाले. उदयची खोली विमानांच्या खालीच. दर दोन मिनिटांनी काचा थरथरायच्या. पोराने चहा केला, बिस्किटं काढली, अप्पांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं. आणि अप्पांनी पहिल्याच मिनिटाला कागद उलगडला.

तासभर ते बोलले. रॉबर्ट लहानपणी कसा आला. मामाने त्याला काय काय दिलं. आणि काय विचारायचं राहून गेलं. "मामाला वाटलं, एकदा नाव दिलं की झालं," ते म्हणाले. "मूर्ख होता मामा." त्यांचं बोट दोन रेघांवरून वरखाली फिरत होतं. विमान आलं की थांबत, गेलं की पुढे बोलत. मी पलंगाच्या कडेवर बसून मनात म्हणत होते, आता म्हणा, अप्पा. आता 'तू' म्हणा. ते म्हणाले, "म्हणून मी रॉबर्टला दोन रेघा दिल्या." उदय कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खूप छान ड्रॉइंग आहे, अप्पा." अप्पांनी अर्धा कप चहा आणखी घेतला, आणि आम्ही निघालो. तो आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला, वाकून नमस्कार केला. परतताना अप्पा म्हणाले, समजलं असेल त्याला. मी म्हटलं, असेल.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात अप्पा झोपेतच गेले. उदय त्याच दुपारी आला. पुढे क्रिमेटोरियममध्ये सगळं त्यानेच केलं, भटजी सांगतील तसं, काही न चुकता. मिसेस पेल काळी हॅट घालून मागच्या रांगेत बसल्या होत्या. ते सगळं नीट पार पडलं. पण मला आठवतो तो त्याच्या आधीचा, रजिस्ट्रारच्या ऑफिसमधला दिवस. मृत्यूची नोंद करायची होती. सुमनकाकूंना घराबाहेर पडवेना, म्हणून उदयबरोबर मी गेले.

रजिस्ट्रार बाई समजूतदार होती. अप्पांचं पूर्ण नाव, जन्मगाव, धंदा. ड्राफ्ट्समन, रिटायर्ड. मग तिने विचारलं, नोंद देणाऱ्याचं मृताशी नातं? मला तोंड उघडून 'सन' म्हणायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. त्याने तिला विचारलं, की दोन लिहिता येतील का? ती म्हणाली, सॉरी, एकच.

"नेफ्यू," उदय म्हणाला.

तिने लिहिलं. त्याने सही केली. आम्ही बाहेर आलो आणि कार पार्कमध्ये उभे राहिलो. मला राग आला होता आणि कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, अरे, ते हाउन्सलोला आले होते ते काय टॅरोबी सांगायला आले होते का?

"मला कळलं होता, मावशी," तो म्हणाला. "आय ॲम नॉट थिक, मी ढ नाही. तो रॉबर्ट म्हणजे मी, ते तर पाचच मिनिटांत कळलं. मी वाट बघत होतो. अप्पा आता विचारतील, उदय, तू कोणाचा? दोघांचा, असं म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं. खरंच म्हटलं असतं. त्यांनी चहा घेतला, आणि विचारलंच नाही."